मागचं बाक

“ए, आत नाही. वर जा. टपावर.”

मोटारीचा एजंट माझ्याकडं न पाहताच बोलला. डोणगावला मोटार चिंचेखाली थांबायची. मी मायला धरून तिथं उभी होते. माय एका पायावर. दुसरा पाय तिनं जमिनीला टेकवलाच नव्हता. पाटलाच्या वावरात कापसाच्या पऱ्हाट्या उपटताना खुंट तळपायात घुसला आणि आत सडला. पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. फडकं बांधलं होतं, फडक्यातून वास येत होता. तिला मेहकरच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं होतं.

“दादा, तिले चढता येत नाय. पाय पाहा तिचा.”

“मंग काऊन आणली? घरी ठेवाव.”

“तिकीट काढलं ना आमी.”

“महारवाड्याचं तिकीट टपाचंच ऱ्हायते.”

भाडं तेच होतं. आत बसणाऱ्याचं आणि आमचं.

मोटारीत बाकं रिकामी होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण ऐकणाऱ्याला वाटतं गर्दी असेल. गर्दी नव्हती. एका अख्ख्या बाकावर कुण्या शेठची वळकटी ठेवली होती. वळकटीला जागा होती.

मग मायला वर चढवलं. मागच्या लोखंडी शिडीवरून. आमच्या वस्तीतल्या दोघांनी खालून उचललं, एकानं वरून बखोट्याला धरून ओढलं. पोतं चढवतात तसं. लुगडं मांडीपर्यंत सरकलं. आत बसलेली माणसं खिडकीतून मान काढून पाहत होती. एक जण हसला. माय ओरडली नाही. वर पोत्यांवर आडवी पडली आणि मला म्हणाली, “लुगडं नीट कर व माहं.”

एवढंच बोलली.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं. मोटारीच्या मागं उंच टाकी बसवलेली असायची, तिच्यात कोळसा पेटवायचा आणि त्याच्या गॅसवर गाडी चालायची. सपाटीला बरी चाले. चढ आला की तिचा दम जाई. टाकीचा सगळा धूर टपावर यायचा. आम्ही तोंडाला पदर लावून बसायचो.

रस्त्यात एक नाला होता. नाल्यातून वर येताना मोटार अडली.

“टपावरचे उतरा! धक्का मारा!”

फक्त टपावरचे. आतले आतच बसून राहिले. एजंट काठीनं पत्रा वाजवत ओरडला, “बुढीलेबी उतरवा. वजन कमी होऊ द्या.”

मी म्हटलं, “ती नाय उतरणार.” तर मायच म्हणाली, “उतरव मले पोरी. बोलणं नोको ऐकू.” तिला उतरवलं. रस्त्याच्या कडेला धोंड्यावर बसवलं. आणि मी मोटार ढकलायला गेले. माणसांच्या बरोबरीनं. पत्र्याला दोन्ही हात लावून.

हात लावलेले चालले. त्या हातांनी मोटार बाटली नाही.

गाडीनं दम धरला, चढाला लागली. माणसं पळत जाऊन शिडीला लोंबकळली. मी कशी पळणार? माय मागं धोंड्यावर. मला वाटलं, वर सपाटीला जाऊन थांबेल. थांबली नाही. एजंट दारात उभा होता. त्यानं मागं वळून आम्हाला पाहिलं. नीट पाहिलं. आणि आत गेला.

मग चाललो. माय माझ्या खांद्यावर, अर्धी चालत, अर्धी ओढली जात. पायातून रक्त आणि पू. पुढं एका पिंजाऱ्याची बैलगाडी भेटली. त्यानं काही विचारलं नाही. कापसाच्या गाद्या बाजूला सारल्या आणि म्हणाला, “बैठो अम्मा.” त्याच्या गाडीतून आम्ही मेहकरला पोचलो.

डॉक्टरांनी फडकं सोडलं आणि ते माझ्यावर ओरडले, “अशा पायानं हिला चालवलंस? अक्कल आहे का तुला?”

काय सांगणार? कोणाचं नाव सांगणार?

पाय घोट्याच्या वरून कापला.

माय वाचली. पण आम्ही परत गावी गेलो नाही. गावी जाऊन ती काय करणार होती? वावरात उभं राहता येत नाही अशा बाईला कोण भाकर देतं? माझा नवरा भरती होऊन लढाईवर गेला होता, तो आलाच नाही. मला त्याच दवाखान्यात काम लागलं. बाळंतिणींच्या खोलीची झाडपूस, रक्ताचे कपडे धुणं. मेहकरच्या महारवाड्यात एक खोपी मिळाली. मायला सुताराकडून कुबडी करून घेतली. दिवसभर ती दारात बसायची आणि चिखलीच्या रस्त्याकडं पाहायची.

चिखलीकडं तिचा भाऊ होता. माझा मामा. त्यांची आई लवकर मेली म्हणून मायनंच त्याला कडेवर वाढवलेला. त्याला दमा. तिला पाय नाही. दोघांनाही टपावर चढता येत नव्हतं. मधे फक्त एक रस्ता, त्या रस्त्यावरून मोटार जायची, आणि दोघं भाऊबहीण एकमेकांच्या निरोपावर जगत होते. बाजाराला आलेला माणूस सांगायचा, “तुहा भाऊ विचारत होता.” माय म्हणायची, “सांगजो, बरी हाये म्हणा.”

लढाई संपली. पेट्रोल आलं. आणि एक दिवस वस्तीत दवंडी आली की तहसिलीत मोटारीची सभा आहे, सगळ्यांनी यायचं. आमच्या वस्तीचे म्होरके म्हणजे नाना. पांढऱ्या मिशांचे, भल्या मनाचे, साहेब दिसला की वाकणारे. नाना घरोघर फिरले. “चला व बायाइनो. मोटार सगळ्याइसाठी होऊन राह्यली. आपली माणसं दिसली पाह्यजेत.”

माय म्हणाली, “मलेबी ने.”

तहसिलीच्या आवारात कडुनिंबाखाली मंडप होता. मंडपात खुर्च्या. मंडपाबाहेर उन्हात आम्ही. टेबलावर जिल्ह्याचा मोठा नकाशा पसरला होता, त्यावर तांबड्या रेघा. नागपूरकडून आलेले एक साहेब होते. गावातले बडे वकील बोलायला उभे राहिले. त्यांच्या बोलण्यात वऱ्हाडचा एक शब्द नव्हता. पुण्याला शिकून आलेले.

बोलणं गोड होतं. ते म्हणाले, आज आपल्याला ठरवायचं आहे की येत्या काही वर्षांत मोटार कुठवर पोचली पाहिजे आणि किती लोकांनी तिच्यातून गेलं पाहिजे. बाजाराच्या प्रत्येक गावाला मोटार. शाळेला, दवाखान्याला, कचेरीला जाणाऱ्याला मोटार. म्हातारे, आजारी, बाया, अपंग, ज्याला चालता येत नाही त्याला सगळ्यांच्या आधी जागा.

मला ते ऐकून रडू आलं. खरंच आलं. मला वाटलं, आपलाच नाला, आपलाच धोंडा कुणी तरी पाहिला.

नागपूरच्या साहेबांनी इंग्रजीत काही विचारलं. वकिलांनी ते मराठीत सांगितलं, “यांच्या वस्तीतले लोक मोटारीने जातील का?”

नाना हात जोडून पुढं झाले. “लय जातीन साहेब. पाह्यजे तेवढे जातीन.”

वकिलांची नजर मायवर पडली. कुबडीवर टेकून उभी होती. “ये बाई, पुढं ये. इथं उभी राहा.” माय खुरडत पुढं गेली. मंडपाच्या कडेला, सगळ्यांना दिसेल अशी. “ही बघा. हिच्यासारख्यांसाठी ही योजना आहे. बाई, तुला मोटार हवी ना?”

“हो मायबाप.”

“दवाखान्यात जायला, बाजाराला जायला, हवी ना?”

“भावाकडं जायचं हाये मायबाप.”

मंडपात माणसं कौतुकानं हसली. वकील म्हणाले, “जाशील. आता टपावर चढायची गरज नाही. मोटारमालकांशी बोलणं झालं आहे. अस्पृश्य बंधूंसाठी मोटारीच्या मागच्या भागात स्वतंत्र बाक राहील. मधे फळी राहील, मागून वेगळी चढायची सोय राहील. कुणाला कुणाचा त्रास नाही.”

टाळ्या पडल्या. नानांनीही वाजवल्या. आमच्या उन्हातल्या माणसांनीही वाजवल्या. मायला कुबडीमुळं टाळी वाजवता येईना, तिनं मान हलवली.

माझे हात उठले नाहीत. का ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. आमच्या वस्तीत त्या दिवसांत बैठका व्हायच्या. मेलेलं ढोर ओढायचं नाही, असं ठरलं होतं. मी मागं बसून ऐकायची. पण ऐकणं वेगळं. इथं माझी माय कापलेला पाय घेऊन त्यांच्यासमोर उभी होती, आणि तिच्या पायाच्या नावानं फळी ठोकणं चाललं होतं.

मी ओरडले, “माय, मागं ये. आमाले मागचं बाक नोको.”

वकिलांना राग आला नाही. ते हसले. चष्मा पुसला आणि म्हणाले, “मग काय माझ्या मांडीवर बसतेस?”

अख्खा मंडप हसला. खुर्च्या हलल्या इतकं हसले. साहेबांना कुणी तरी इंग्रजीत सांगितलं, मग तेही हसले. आणि आमची माणसं, उन्हात उभी असलेली, तीही हसली. खाली मान घालून, पण हसली.

माझं अंग जळालं. त्या नाल्यावर जळालं नव्हतं एवढं.

“मांडीवर नाय,” मी म्हटलं. “तुमच्या बाजूले बसीन. तिकीट काढून.”

आता मात्र कुणी हसलं नाही. एक शिपाई काठी घेऊन आला. नाना माझ्यापुढं हात जोडून उभे राहिले, माझ्यापुढं, आणि म्हणाले, “चाल पोरी, घरी चाल. मिळून राह्यलं तेबी घालवशीन.”

घरी आल्यावर मायनं चूल पेटवली नाही. मग एकदम म्हणाली, “तुले काय गरज होती?”

“माय, फळी ठोकणार होते ते.”

“ठोकू दे ना. बाक तर होतं. मले बसता आलं असतं. माह्या भावाले पाह्यलं असतं मी.” ती रडत नव्हती. थकलेल्या आवाजात बोलत होती. “तुह्याजवळ दोन पाय हायेत म्हणून तू बोलते.”

पायाचं ती खरं बोलली. पण तेवढ्यानं ते बाक बरोबर ठरत नाही, एवढं मला कळत होतं.

मी ठरवलं, आपण एकटीनं जायचं. पुढं बसून जायचं आणि मामालाही तसंच पुढं बसवून आणायचं. चिखलीच्या बाजाराच्या दिवशी स्टँडवर गेले. तिकीट काढलं आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. बाजूची बाई पदर सावरून उठली. मग तिच्या मागची. मग सगळेच उतरले.

डायव्हर मुसलमान होता, म्हातारा. त्यानं खिडकीशी येऊन हळू आवाजात म्हटलं, “बेटी, मेरेकू कुछ नहीं. मालिक का हुकुम है. गाडी नहीं चलेगी.”

“नोको चालू. मी बसली हाये.”

ऊन चढलं. लोक शिव्या देऊ लागले. एक कुणब्याची बाई पोराला पदरात घेऊन खिडकीखाली आली. पोर तापानं लाल झालं होतं. ती म्हणाली, “बाई, उतर ना व. माह्या पोराले दवाखान्यात न्यायचं हाये चिखलीले. तुह्या पाया पडतो.”

“तुमी बसा ना बाई. या. मी कुठी अडवलं?”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला बसायचं होतं. मागं वळून तिनं नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं मान हलवली. ती पोर घेऊन तशीच उन्हात उभी राहिली, पण माझ्याजवळ बसली नाही. त्या पोराचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. त्याचा ताप माझ्या माथी मारायला गाव तयार होतं. मी तो घेतला नाही. जागा होती. मी सरकून बसले होते.

शेवटी हवालदार आला. त्यानं हात लावला नाही. काठी कमरेत घालून ढोसलं, ढोसत ढोसत दारापर्यंत आणलं. मी पायरीवरून खाली पडले. मोटार भरली आणि गेली.

त्यानंतर स्टँडवरचा एजंट मला तिकीट देईना. मी बाजाराच्या दिवशी जायची, खिडकीशी उभी राहायची, तो माझ्यामागच्याला तिकीट द्यायचा. मी परत यायची. नाना मला पाहिलं की वाट बदलायचे. पुढं मागचं बाक आलं. फळी आली. आमची माणसं त्यात बसून जाऊ लागली. “लय बरं झालं,” म्हणाली. मायनं एकदाच विचारलं, “आता तरी नेशीन का?”

“पुढं बसू देतीन त्या दिवशी नेईन.”

“नानासंग धाड मंग.”

“जा,” मी म्हटलं. “मी अडवत नाय.”

ती गेली नाही. का गेली नाही, ते तिनं सांगितलं नाही. कुबडी भिंतीला टेकवून पडून राहिली. पुढं थंडीत तिच्या छातीत कफ भरला आणि ती गेली.

मामाला निरोप कुणाच्या हाती धाडायचा नव्हता. मीच जायचं होतं. स्टँडवर गेले. एजंटला कळलं होतं. त्यानं तिकीट पुढं सरकवलं. “बस आज.”

मी पुढच्या बाकावर बसले. दोघं-तिघं गुरगुरले. तो एजंट दारातून त्यांना म्हणाला, “बसू द्या हो एक डाव. माय मेली तिची.”

मी उठून उभी राहिले. “माय मेली म्हणून नाय बसली मी. तिकीट काढलं म्हणून बसली.” आणि परत बसले.

एजंटचं तोंड उतरलं. दया केली होती त्यानं, ती मी घेतली नव्हती. पण त्या दिवशी त्याच्याकडंही भांडायचं बळ नसावं. दोन माणसं उतरून गेली. बाकीच्यांनी माझ्याकडं पाठ केली. मोटार निघाली. चिखलीपर्यंत माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. मोकळ्या बाकाचा आनंद झाला नाही मला. मायला तिथं आडवं निजवता आलं असतं, एवढी जागा होती.

मामाच्या गावी पोचले. तो ओट्यावर खोकत बसला होता. मला एकटीला पाहिलं आणि समजला. मग विचारलं, “मागचं बाक आलं होतं ना? लोक सांगत होते. ताई काऊन नाय आली त्यात?”

“मी तिले नेलं नाय मामा. मागं बसवून नेणार नाय म्हटलं.”

त्यानं मला शिवी दिली नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. फक्त म्हणाला, “तुहं खरं झालं. माही बहीण गेली.”

तेराव्यासाठी त्याला माझ्यासंग मेहकरला यायचं होतं. चिखलीच्या स्टँडवर मी दोघांची तिकिटं काढली आणि म्हटलं, “मामा, माह्याजवळ बसा. पुढं.”

“मारतीन व पोरी.”

“मारतीन.”

“मले दमा हाये. मले ताईच्या तेराव्याले पोचू दे.” आणि तो माझा हात सोडवून मागच्या दाराकडं गेला. दोन्ही हातांनी दांडा धरून चढला. मी पुढून चढले; चिखलीत मला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून दारात अडवलं नाही.

मोटार सुरू झाली. माझ्या पाठीमागं बाकांच्या ओळी, त्यांच्या मागं फळी, फळीच्या मागं मामा. एका पैलवानासारख्या माणसानं माझ्या पायाजवळ पानाची पिंक टाकली. माझ्या लुगड्यावर शिंतोडे उडाले. “उठ,” तो म्हणाला. “तुहा बुढा मागं बसला, तुले काय झालं?”

मी खिडकीच्या गजाला धरलं.

रस्ताभर मामाचा खोकला ऐकू येत होता. मधेच थांबायचा, मग मोठी उबळ यायची. कुणी त्याला पाणी दिलं नसेल. एकदा मला वाटलं, उठावं, मागं जाऊन त्याची पाठ चोळावी. तेवढ्यासाठी तरी जावं. पण मी मागं गेले की फळीच्या पुढं आमचं कुणीच उरत नव्हतं.

मी उठले नाही. मेलेल्या मायसाठी नाही, जिवंत मामासाठी नाही, कुणाच्या दयेसाठी नाही आणि कुणाच्या काठीसाठीही नाही. ती फळी मोटारीतून निघत नाही तोवर मी मागं पाय ठेवणार नाही. एकटी तर एकटी.